तोंड तांबडे दिसले तर

मित्रांनो, पुढील मजकुरात मी माझा जन्म, माझी सेवा, माझी उपेक्षा आणि माझ्या पोटात घडलेला एक अपराध या चार गोष्टी क्रमाने निवेदन करणार आहे. पहिल्या तीन गोष्टी कोणत्याही जुन्या भांड्याच्या असू शकतात. चौथी फक्त माझी आहे. सबब ती ऐकल्यावाचून कोणी उठून जाऊ नये, अशी प्रारंभीच नम्र विनंती करते.

मी एक जुने तपेले आहे. तांब्याचे. माझ्या दोन्ही अंगांना पितळी कड्या आहेत आणि मी काठोकाठ भरले असता कड्यांतून वासा घालून चार गडी मला उचलतात. इंदापूर तालुक्यातील निरवांगी गावी, देवळामागील खोलीत माझा मुक्काम असतो.

माझा जन्म पुण्यातील तांबट आळीत झाला. एका वृद्ध कारागिराने लाकडी ठोकळ्यावर मला पालथे घालून कित्येक दिवस ठोकले. ठोक्यावाचून तांब्याला बळ येत नाही, असे तो म्हणत असे. मला खरेदी करण्यास निरवांगीचे चार वडीलधारे आले होते. त्यांचे वाडवडील मेंढरांमागे रानोमाळ फिरले होते. ज्यांचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर असते त्यांना एवढ्या मोठ्या भांड्याचा उपयोग नसतो. परंतु आता त्यांच्या शेतांना पाणी आले होते, घरांना भिंती आल्या होत्या. मला घेणे म्हणजे "आता आम्ही येथून हलणार नाही" असे गावाने जाहीर करणेच होते. वेशीतून मला वाजत गाजत आणले तेव्हा बायांनी मला हळदकुंकू लावले.

माझ्याबरोबर गावात एक नियमही आला. तो तुम्हांस सविस्तर सांगितला पाहिजे.

तांबे बाहेरून देखणे असते, परंतु आंबट पदार्थाशी त्याचे हाडवैर आहे. ताक, चिंच, कैरी यांपैकी काहीही तांब्यात राहिले तर ते कळकते, म्हणजे त्यात हिरवे जहर उतरते. त्यासाठी भांड्याला आतून कथलाचा मुलामा देतात, त्यास कल्हई म्हणतात. सुप्याचे रसूलभाई दरवर्षी लग्नसराईच्या आधी आमच्या गावी येत. देवळासमोर खड्डा करून भाता लावीत, मला तापवीत, नवसागराची चिमूट टाकीत. पांढरा, झोंबणारा धूर निघे. मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते माझे पोट असे पुसून काढीत, की डोळ्यांदेखत ते चांदीसारखे होई. तो पदर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. जेवणारी माणसे आणि जहर यांच्यामध्ये तेवढाच काय तो उभा असतो.

काम आटोपले की रसूलभाई किल्लीवाल्याला जवळ बोलावून बजावीत, "तपेलं द्यायच्या आधी वाकून आत तोंड बघायचं. तोंड पांढरं दिसलं तर द्या. तांबडं दिसलं तर देवाचा बाप आला तरी देऊ नका."

या रीतीला गावात "तोंड बघणे" म्हणत. किल्लीवाल्याचा मान तात्याबा नावाच्या मनुष्याकडे होता. त्याच्या बापाकडेही तोच होता. तात्याबा वाकून आत पाही, मान डोलावी आणि मगच वासा घालण्यास सांगे. त्या मानेच्या डोलावण्यावर सारे गाव निःशंक जेवत असे.

माझी सेवेची वर्षे अशी गेली. किती लग्ने, किती बारशी, किती आमट्या! चुलीपाशी धोंडाबाई नावाची बाई उभी असे. तिच्या जिभेची गावात ख्याती होती. एक थेंब तळहातावर घेऊन चाटला की मीठ किती, चिंच किती आणि चूल कोणत्या लाकडावर पेटली आहे, एवढे सर्व ती सांगे. तिची नात मनिषा हिच्या बारशाची लापशी माझ्यातच शिजली. ते पाळण्यातील रडणे मला अद्याप स्मरते.

पुढे इंदापूरचा मंडपवाला जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, हलकी पातेली भाड्याने देऊ लागला. सोबत थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेलेही देऊ लागला. घासणे नको, परत करणे नको. मला कोणी विचारीनासे झाले. प्रथम माझ्यात बियाण्याचे पोते ठेवले, मग फाटकी सतरंजी. रसूलभाई येईनासे झाले. नऊ वर्षे माझ्या पोटात उजेड पडला नाही. तात्याबा मात्र ती किल्ली करदोट्याला बांधून फिरत असे. लोक थट्टेने विचारीत, "तात्या, कुलपात सोनं ठेवलंय व्हय?" तो हसत असे. परंतु ते हसणे खरे नव्हते.

मित्रांनो, आता चौथी गोष्ट सुरू होते.

धोंडाबाईने आपल्या पूर्वजांची आठवण म्हणून एक मेंढी पाळली होती. सन १९९५ च्या उन्हाळ्यात भावकीतील एका लग्नानंतर ती मेंढी फुगून मेली. पोट चिरले तेव्हा त्यातून सात पेले आणि ताटल्यांचे तुकडे निघाले. म्हातारीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हते. तिने ते तुकडे एकेक करून हाताने चाचपले. मनिषा त्या वेळी बारामतीच्या कॉलेजात शिकत होती. आजीच्या शेजारी बसून तिने तेथेच सांगितले, "आजे, माझ्या लग्नात असलं काहीसुद्धा असणार नाही."

पुढच्या वर्षी तिचे लग्न जळोचीच्या राम नावाच्या शिक्षकाशी ठरले. तिने एका वहीत सर्व बेत मांडला. मंडप कापडाचा नको, शेवरीच्या मेढी रोवून वर उसाचे वाढे आणि आंब्याचे टहाळे. पंगत पळसाच्या पत्रावळींवर. प्लास्टिकच्या फुलांऐवजी झेंडू. अक्षता म्हणून तांदूळ उधळायचे नाहीत, फुलांच्या पाकळ्या. आहेर नको, उलट प्रत्येक पाहुण्यास कडुनिंबाचे रोप. वऱ्हाडाने फाट्यापासून ट्रकमधून न येता शिंगे रंगवलेल्या बैलांच्या गाड्यांतून यायचे. बाटलीतील रंगीत पेय नको, मठ्ठा. आणि हे सर्व इतके देखणे करायचे की पुण्याच्या पाहुण्यांनीही फोटो काढावेत.

गावाने यथेच्छ टवाळी केली. एक म्हातारा म्हणाला, "पत्रावळीवर जेवायचं आन् गाडीतनं यायचं, म्हंजी हे तर माज्याच लग्नावाणी झालं की! ह्यात नवं काय?"

"तुमच्या लग्नात एवढीशी नवरी पाटावर झोपली हुती म्हणं, आबा," मनिषा म्हणाली. "मी जागी राहणार हाय. हेच नवं."

तिचा बाप आबासाहेब प्रथम नाराज होता. "जळोचीची माणसं म्हणतील, ह्यांच्याकडं भांडी आणायला पैका न्हाय." परंतु लेकीपुढे त्याचे चालले नाही. मग ती तात्याबाकडे गेली.

"तात्या, तपेलं पाहिजे. मंडपाच्या दारात पाणी भरून ठेवायचंय. वर पाकळ्या सोडायच्या. तांब्यातलं पाणी चांगलं असतं, मी वाचलंय."

नऊ वर्षांनी त्या मनुष्याकडे कोणी किल्ली मागितली होती. तो इतका आनंदला, की त्याने कुलूप उघडताना दोनदा किल्ली खाली पाडली.

त्याने मला उजेडात आणले आणि वाकून आत पाहिले. कथील काळे पडले होते, जागोजागी उडाले होते. मधून तांबे दिसत होते. तो दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने बारामतीस आणि तेथून सुप्यास गेला. रसूलभाई सुप्यात नव्हते. थकले म्हणून लेकीकडे फलटणला जाऊन राहिले होते. शेजाऱ्याने पत्ता सांगितला. परंतु ऊन फार होते, गाडीला वेळ होता. तात्याबा फलटणला गेला नाही. इंदापूरच्या बाजारात चौकशी केली, तेथे कल्हई करणारा कोणी उरला नव्हता. हे सर्व त्याने नंतर मला घासताना आपल्याशीच बोलून दाखविले.

घासताना तो काय करीत होता, ते ऐका. चिंच, मीठ आणि विटेची पूड घेऊन त्याने मला बाहेरून लखलखीत केले. मग आत हात घातला. काळे डाग त्याला बघवेनात. तो घासत राहिला. काळ्याबरोबर उरलेसुरले कथीलही निघून गेले आणि माझे पोट आतून नव्या तांब्यासारखे झळाळू लागले. त्याने वाकून पाहिले. त्याला आपले तोंड तांबडेभडक दिसले.

"पाणीच तर भरायचंय," तो म्हणाला. त्या वेळी अंगणात माझ्याखेरीज कोणी नव्हते.

हे कारण खरे होते. पाण्याला कल्हई लागत नाही. परंतु कल्हई नाही असे सांगितले, तर लोक म्हणतील, मंडपवाल्याकडून आणू, आणि किल्लीला पुन्हा गंज चढेल, ही भीतीही खरी होती. दोन दिवसांनी धोंडाबाईने काठी टेकीत येऊन माझ्या काठावर हात ठेवला आणि विचारले, "कल्हई केलीस न्हवं?"

"केली की, काकी," तात्याबा म्हणाला.

मित्रांनो, माझ्याकडे एवढे मोठे तोंड आहे, परंतु मला वाचा नाही. त्या दिवशी प्रथमच मला त्याचे दुःख झाले.

लग्नाचा दिवस उजाडला. मंडप खरोखरच इतका सुंदर झाला होता, की रस्त्याने जाणारी एस.टी.सुद्धा मंदावली. मी दारात उभे होते. कड्यांना झेंडूच्या माळा. पोरेटोरे माझ्यात डोकावून तोंडे वेडावीत होती आणि म्हणत होती, "सोन्याचं हाय, सोन्याचं!"

सकाळी सात वाजता मनिषाची चुलती तानूबाई ताकाच्या घागरी घेऊन आली. ती स्टीलच्या काळातील बाई. तिने माझ्यावर हात ठेवला.

"किती गार हाय गं! पाण्याला रांजण ठेवू. मठ्ठा ह्यातच घाला, दुपारपतुर बर्फावाणी राहील. तात्या, कल्हई केलीया न्हवं? सासूबाई सांगत हुत्या."

तात्याबा मेढीशी उभा होता, माझ्यापासून दहा पावलांवर. त्याने तोंड उघडले. समोरून आबासाहेब चार पाहुण्यांना घेऊन आला आणि म्हणाला, "हे बघा, हे आमच्या गावाचं तपेलं. आन् हे आमचं तात्या. हे हायती म्हणून जुनं टिकलंय."

पाहुण्यांनी तात्याबाला नमस्कार केला. तात्याबाने मान डोलावली. तीच मान, जिच्यावर गाव निःशंक जेवत असे. घागरी माझ्यात रित्या झाल्या.

आठ वाजले. ताक माझ्या पोटाला लागून शांत पडले होते. मला आतून चुणचुण सुटली. नऊ वाजले. वऱ्हाड दहाला पोहोचायचे होते, परंतु बैल सनईला बुजले, एका गाडीच्या चाकाची खीळ निसटली आणि गाड्या फाट्यावरच अडकून राहिल्या. उन्हाची तिरीप मंडपातून माझ्यावर आली. तानूबाईने वर आंब्याची पाने पसरली, कोथिंबीर पेरली. पानांखाली काय होत होते ते मला ठाऊक होते आणि दहा पावलांवरील त्या मनुष्याला ठाऊक होते. दहा, अकरा, बारा. तो तेथून हलला नाही आणि माझ्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. चारशे द्रोण माझ्या शेजारी रचून ठेवले होते.

बारानंतर वऱ्हाड आले. उन्हाने सर्वांचे ओठ सुकले होते. मनिषाने ठरविले होते की पहिला द्रोण घरातील सर्वांत वडील व्यक्तीस द्यायचा. तिने स्वतः तो भरला आणि विहीणबाई द्वारकाबाई यांच्यासमक्ष आजीच्या हाती दिला.

धोंडाबाईने द्रोण तोंडाला लावला. तिचा घसा हलला आणि थांबला. समोर विहीण उभी, सबंध वऱ्हाड उभे. तिने तो घोट गिळला.

"आजून वाईच दे," ती म्हणाली.

लोक हसले. "म्हातारीला गोड लागलं!" मनिषाने दुसरा द्रोण दिला. म्हातारीने तोही डोळे मिटून अर्धा संपविला. पहिला घोट कशाचा आहे हे तिला कळले होते, दुसरा खात्रीसाठी होता. मग ती काठी टाकून खाली बसली. मेढीसाठी उकरलेली माती तेथेच होती. तिने दोन्ही मुठी भरल्या, चाचपत माझा काठ शोधला आणि ती माती माझ्यात टाकली. पुन्हा भरल्या, पुन्हा टाकली.

सगळे गप्प झाले. एक सनईवाला तेवढा वाजवीत राहिला, कारण त्याची पाठ होती.

"आये!" आबासाहेब ओरडला. "येड लागलं का तुला?"

"लागलं. ओतून टाक ते."

"ह्यो मान केला व्हय आमचा?" द्वारकाबाई म्हणाल्या. "कोसभर गाडीत हाडं खिळखिळी करून आलो ते माती प्यायला?"

 मनिषा आजीजवळ बसून विचारू लागली, "आजे, का गं? माझ्याच लग्नात का?" म्हातारीने पुन्हा "ओतून टाका" एवढेच म्हटले. चार गड्यांनी मला उचलून परड्यात ओतले. त्यांत एक तात्याबा होता.

लग्न लागले. पाकळ्या उधळल्या गेल्या, रोपेही वाटली गेली. परंतु पंगतीत चर्चा एकाच गोष्टीची होती.

संध्याकाळपासून धोंडाबाईला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, ऊन लागले. तिने औषध घेतले, काही सांगितले नाही. तिचे बाजले अंगणात लिंबाखाली टाकले होते आणि शेजारी मी पालथे पडले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तात्याबा आला.

"आलायस व्हय? पायावरनं वळाकलं," ती म्हणाली. "आत तोंड बघितलं हुतंस का?"

तो बाजल्याशी खाली बसला.

"बघितलं असशीलच. तुजा बाप बघितल्याबिगर देत नव्हता. पांढरं दिसलं का तांबडं?"

"तांबडं, काकी."

"मग बोलला का न्हाईस?"

"पाण्यापुरतं म्हणलं हुतं. ताक घातल्यावर जीभच उचलंना. काकी, मी आत्ता जाऊन सांगतो. समद्यांना सांगतो."

"गप." ती धापा टाकत होती. "आता सांगून काय करतूस? लोक म्हणत्याल, पोरीनं नवं खूळ काढलं आन् वऱ्हाडाला इख पाजलं. तिनं किती हौसेनं मांडलं हुतं. येडी म्हातारी म्हणत्यात न्हवं, म्हणू दे. माजं येड माज्यासंगं जाईल. तुला माजी आण हाय."

सहाव्या दिवशी ती गेली. मनिषा मांडवपरतणीला माहेरी यायची होती, ती मातीला आली.

तात्याबाने आण पाळली. परंतु म्हातारीचा अंदाज एका बाबतीत चुकला. तिचे वेड तिच्यासंगे गेले नाही. ते मनिषाबरोबर जळोचीला गेले. दूध उतू गेले तरी तेथे म्हणतात, "आजीवर गेली, दुसरं काय!" तिच्या बाळाच्या बारशाला माहेरच्या माणसांना चुलीजवळ फिरकू दिले नाही. हे आबासाहेबाने परवा देवळात डोळे पुशीत सांगितले. खोलीचे दार उघडे होते. मी ऐकले. कुलपापाशी उभा असलेल्या मनुष्यानेही ऐकले.

दुसऱ्याच दिवशी तात्याबा फलटणला गेला. दोन वर्षांपूर्वी जायचे होते तेथे. रसूलभाईंना गाडीत बसवून घेऊन आला. त्यांचे हात कापत होते, म्हणून भाता तात्याबाने ओढला आणि कथीलही त्यानेच फिरविले. आता माझे पोट पुन्हा पांढरे आहे. त्यात वाकून पाहिले, तर तात्याबाचे तोंड पांढरे दिसते. तो पाहतो, परंतु मान डोलावीत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका. पळसाची पत्रावळ चांगली, कडुनिंबाचे रोप चांगले, मनिषाचा सर्व बेत चांगला होता, त्यात तिळमात्र खोट नव्हती. खोट फक्त माझ्या पोटात होती आणि एका मनुष्याच्या तोंडात होती. म्हणून बाहेरची झळाळी पाहून कोणत्याही जुन्या भांड्यावर भाळू नका. वाकून आत पाहा. आणि तोंड तांबडे दिसले तर सांगा. पाहुण्यांदेखत सांगा. मान गेला तरी सांगा, पंगत मोडली तरी सांगा.

येथपर्यंत तपेले बोलले. पुढील ओळी माझ्या आहेत.

चि. सौ. मनिषा, तू शिकवतेस त्या शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी गावाकडील वडील माणसांनी एखाद्या वस्तूचे आत्मवृत्त लिहून द्यावे, असे तुझे पत्र आले. मी सातवीपर्यंत शिकलेला. मला एकाच वस्तूचे आत्मवृत्त ठाऊक होते. तुझी आजी वेडी नव्हती. त्या मंडपात शहाणी ती एकटीच होती. तिची आण मी आज मोडली आहे. हे प्रथम तू वाच, नंतर तुझ्या सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखव. त्यानंतर अंकात घ्यायचे की नाही, ते तू ठरव. किल्ली मी तुझ्या वडिलांच्या हाती दिली आहे.

ज्यांनी येथवर वाचले त्या सर्व वाचकांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.

तात्याबा म्हाळू कोकरे
मुक्काम निरवांगी, तालुका इंदापूर